इश्तिहार आणि आख्यान

१ जुलै २०२० रोजी, महामारीने निम्मे जग घराघरांत कोंडून ठेवले असताना, 'अनसॉल्व्ड मिस्टरीज' ही एके काळी अमेरिकेतल्या कुटुंबांनी बुधवारच्या रात्री नेमाने पाहिलेली गुन्हेशोधाची मालिका नेटफ्लिक्सवर नव्या अवतारात प्रकट झाली, तेव्हा तिच्या जुन्या प्रेक्षकांनी पहिली विचारणा केली ती कोणत्याही खुनाविषयी नव्हती, एका गृहस्थाविषयी होती. धुक्याच्या पडद्यातून लांब डगला घालून पुढे येणारे, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता भारदस्त खर्जात फरारी इसमाचे वर्णन सांगणारे रॉबर्ट स्टॅक २००३ सालीच निवर्तले होते, हे सर्वांना ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता की त्यांच्या गादीवर आता कोण. निर्मात्यांनी ती गादी रिकामीच ठेवली. शीर्षकाच्या चित्रमालिकेत त्यांची पुसट छायाकृती क्षणभर तरळून जाते, अंगावर काटा आणणारी जुनी धून नव्या साजात वाजते, आणि पुढे पाऊण तास, कोणीही सूत्रधार नसलेली एक कथा आपली आपण उलगडत जाते.

जुन्या नाटकमंडळीतला आवडता नट बदलला की प्रेक्षक कुरकुरतातच, तशातलीच ही तक्रार आहे असे म्हणून ती सोडून देता आली असती. परंतु स्टॅक या कार्यक्रमात जे काम करीत ते नटाचे नव्हते, जवळजवळ कोतवालाचे होते. आणि ती जागा काढून टाकल्याने त्या कार्यक्रमाचा पिंडच किती बदलला, हे उमगायचे तर तो मुळात कोणत्या कुळातला हे पाहावे लागते. दूरचित्रवाणीच्या जन्माआधी दोनशे वर्षांपासून खऱ्या गुन्ह्यांच्या कथनाची दोन घराणी इंग्लंडात नांदत होती. त्यांचे व्यवहार वेगळे, गिऱ्हाईक वेगळे आणि हेतूही वेगळे. एक इश्तिहाराचे घराणे, दुसरे आख्यानाचे.

इश्तिहाराच्या घराण्याचे मूळ लंडनच्या बो स्ट्रीटवरील न्यायकचेरीत सापडते. तेथे दंडाधिकारी असलेले हेन्री फील्डिंग हे 'टॉम जोन्स' या कादंबरीचे कर्ते. त्यांनी १७५२ साली आपल्या नियतकालिकात चोऱ्यांच्या वर्दी छापून, ज्यांचा ऐवज गेला असेल त्यांनी चोराच्या वर्णनासह कचेरीकडे यावे, असे आवाहन चालविले होते. दोन वर्षांनी ते वारले आणि त्यांचे सावत्र बंधू जॉन फील्डिंग त्या आसनावर बसले. तारुण्यातच दृष्टी गेलेला हा माणूस शेकडो चोरांना नुसत्या आवाजावरून ओळखत असे, अशी त्याची ख्याती होती. या अंध न्यायाधीशाने १७७२ साली अशी योजना आखली की देशभरच्या दंडाधिकाऱ्यांनी फरारी आरोपींचे हुलिये बो स्ट्रीटला पाठवावेत, ते एकत्र छापले जावेत आणि पुन्हा गावोगावी धाडले जावेत, म्हणजे यॉर्कमध्ये घोडा चोरणारा इसम ब्रिस्टलच्या बाजारात तो विकू लागला तर तिथल्या लोकांना त्याची उंची, केसांचा रंग आणि गालावरचा व्रण आधीच ठाऊक असेल. पुढे या पत्रकाचे 'पोलीस गॅझेट' झाले. एकाच घरात एका भावाने कादंबरी लिहावी आणि दुसऱ्याने हुलिये छापावेत, हा योगायोग मला मोठा सूचक वाटतो, कारण पुढे दोन शतकांनी या दोन कलांची सोयरीक जमायची होती.

आख्यानाचे घराणे याहून फार धंदेवाईक होते. लंडनच्याच सेव्हन डायल्स या बकाल वस्तीत जेम्स कॅटनॅच नावाचा छापखानेवाला एकपानी कागद छापून पेनी-अर्धपेनीला विकी. त्यावर खुनाची हकीकत, ओबडधोबड लाकडी ठशाचे चित्र, आणि फाशी जाणाऱ्या आरोपीने म्हणे अखेरच्या घटकेस उच्चारलेले पश्चात्तापाचे पद्य असे. हे 'अखेरचे उद्गार' आरोपीच्या तोंडून निघण्यापूर्वीच छापून तयार असत आणि वधस्तंभाभोवती जमलेल्या गर्दीत विकले जात. सत्याची अडचण या व्यवसायाला फारशी कधी भासली नाही. १८२८ साली विल्यम कॉर्डर या खुन्याच्या फाशीच्या कागदाच्या अकरा लाखांवर प्रती खपल्या, असे सांगितले जाते. आकडा फुगवलेला असला तरी त्यामागची भूक खरी होती.

या दोहोंतला भेद नीट ध्यानात ठेवला पाहिजे. आख्यान पूर्ण असते. गुन्हा, तपास, शिक्षा, अशी त्याची वाटचाल ठरलेली, आणि वाचकाने करायचे ते एवढेच की शहारावे आणि पैसे द्यावेत. इश्तिहार मात्र हेतुपुरस्सर अपुरा असतो, त्यात एक जागा रिकामी सोडलेली असते आणि ती वाचकाने भरायची असते. १८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकनच्या हत्येनंतर अमेरिकेच्या युद्धखात्याने एक लाख डॉलरच्या बक्षिसाचा जो इश्तिहार काढला, त्याच्या काही प्रतींवर आरोपींची खरीखुरी छायाचित्रे चिकटवलेली होती. इश्तिहाराला चेहरा आला तो तेव्हा. १९५० च्या मार्चमध्ये एफ.बी.आय.ने आपल्या दहा अत्यंत हव्या असलेल्या फरारींची यादी प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तोही एका वृत्तसंस्थेच्या बातमीला लोकांनी दिलेला प्रतिसाद पाहून. तोपर्यंत इश्तिहाराची धाव मुख्यतः टपालकचेरीच्या भिंतीपुरतीच होती.

त्याला घराघरांतल्या दिवाणखान्यात नेऊन बसवण्याचे श्रेय जर्मनीचे, आणि त्यातही एडुआर्ट त्सिमरमान या एका माणसाचे आहे. हा मनुष्य तरुणपणी युद्धोत्तर काळात काळ्या बाजारात वावरलेला, पुढे पूर्व जर्मनीत हेरगिरीच्या आरोपाखाली पंचवीस वर्षांची सजा होऊन बाउट्सेनच्या तुरुंगात खितपत पडलेला, आणि १९५४ साली सुटून आल्यावर वृत्तव्यवसायात शिरलेला होता. आपणही एके काळी लफंगे होतो असे त्याने पुढे आत्मचरित्राच्या शीर्षकातच कबूल केले. २० ऑक्टोबर १९६७ रोजी त्याचा 'आक्टेनत्साइशेन एक्सवाय... उनगेल्योस्ट' हा कार्यक्रम जर्मन दूरचित्रवाणीच्या दुसऱ्या वाहिनीवर प्रथम दिसला. नावात दप्तराचा क्रमांक आणि 'अनिर्णित' हा शेरा; म्हणजे शीर्षकच जणू कचेरीतल्या फाइलीच्या पाठीवरून उचललेले. मांडणी अशी की नट-नट्यांकरवी गुन्ह्याची घटना छोट्या चित्रपटाच्या रूपाने दाखवायची, लगेच तपासअधिकाऱ्याला प्रेक्षकांसमोर बसवून नेमके प्रश्न विचारायचे (ही पिशवी कोणी ओळखते काय, त्या संध्याकाळी हे वाहन कोणी पाहिले काय), आणि मागे ओळीने मांडलेले दूरध्वनी खणखणू लागले की त्याच रात्री उशिरा पुन्हा पडद्यावर येऊन काय हाती लागले ते सांगायचे. थोड्याच काळात व्हिएन्ना आणि झुरिक येथील केंद्रेही थेट जोडली गेली. तीन देशांची सीमा ओलांडणारा असा फौजदार युरोपने पूर्वी पाहिला नव्हता.

जर्मनीतल्या पुष्कळ विचारी लोकांना हे मुळीच रुचले नाही, आणि त्यांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही. शेजाऱ्याविषयी कचेरीत चुगली करण्याची सवय त्या देशाला किती महागात पडली होती, हे आठवायला बावीस वर्षे काही फार नव्हेत. उल्रिके माइनहोफ या तेजस्वी पत्रकर्तीने १९६८ साली आपल्या मासिकातील स्तंभात या कार्यक्रमावर कडाडून हल्ला चढवला. दोनच वर्षांनी तिने सशस्त्र बंडाचा मार्ग धरला आणि दहा हजार मार्कांच्या बक्षिसासह तिचेच छायाचित्र बर्लिनच्या भिंतींवर इश्तिहारांत झळकले. इतिहासाला असल्या उपरोधाची हौस फार. कार्यक्रम मात्र टिकला. त्सिमरमानने तीस वर्षे तो चालवला आणि तो निवृत्त झाल्यावरही तो बंद पडला नाही.

ब्रिटनने जर्मनांचा हा नमुना उचलून १९८४ च्या जूनमध्ये बी.बी.सी.वर 'क्राइमवॉच' सुरू केला, आणि भारतात १९९८ साली झी टीव्हीवर 'इंडियाज मोस्ट वाँटेड' आला तो याच परंपरेतला. पण आपल्या कथेचे वळण आहे अमेरिकेत.

१९८५-८६ च्या सुमारास जॉन कॉसग्रोव्ह आणि टेरी डन म्यूरर या दोघा निर्मात्यांनी हरवलेल्या व्यक्तींवरचे काही विशेष कार्यक्रम एन.बी.सी. वाहिनीसाठी केले होते. त्यांतून काही हरवलेली माणसे खरोखर सापडली, तेव्हा त्यांना सुचले की फरारी आरोपी, गूढ मृत्यू, ताटातूट झालेली भावंडे, सारेच याच चौकटीत बसवता येईल. २० जानेवारी १९८७ रोजी 'अनसॉल्व्ड मिस्टरीज'चा पहिला विशेष भाग दिसला. निवेदक रेमंड बर, म्हणजे पडद्यावरचे वकील पेरी मेसन. त्यानंतर कार्ल माल्डन आणि मग स्टॅक आले. स्टॅक यांनी 'द अनटचेबल्स' या जुन्या मालिकेत दारूच्या तस्करांचा कर्दनकाळ एलियट नेस रंगवला होता. निवेदकांची ही निवड सहजगत्या झालेली नव्हे: कायद्याचा रुबाब ज्यांच्या चेहऱ्यावर आधीपासून चढलेला आहे असेच नट शोधले गेले. पुढे २००८ साली मालिका दुसऱ्या वाहिनीवर थोडी वर्षे उभी राहिली तेव्हा निवेदक होते डेनिस फरीना. हे गृहस्थ अठरा वर्षे शिकागोच्या पोलीसदलात प्रत्यक्ष चाकरी केलेले, परंतु प्रेक्षकांच्या मनातला खरा फौजदार तोतया स्टॅकच राहिला.

१९८८ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी पाच महिने संप पुकारला, आणि लेखकांवाचून चालणाऱ्या कार्यक्रमांना एकाएकी बरकत आली. ५ ऑक्टोबर १९८८ पासून ही मालिका साप्ताहिक झाली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत फॉक्स वाहिनीने 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड' सुरू केला होता, त्याचे सूत्रधार जॉन वॉल्श. १९८१ साली त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन खून झाला होता, आणि हॉटेलांच्या धंद्यातला हा माणूस त्या दिवसापासून हरवलेल्या मुलांचा कैवारी बनला होता. पहिल्याच भागात ज्याचा हुलिया सांगितला तो फरारी कैदी चार दिवसांत पकडला गेला.

या काळाचे सर्वांत नवलाचे प्रकरण म्हणजे जॉन लिस्टचे. न्यू जर्सीतल्या वेस्टफील्ड गावी राहणाऱ्या या देवभोळ्या हिशेबनिसाने नोव्हेंबर १९७१ मध्ये आई, पत्नी आणि तीन मुले यांना गोळ्या घातल्या, मोठ्या घरातले दिवे आणि संगीत चालू ठेवले, आणि तो नाहीसा झाला. महिनाभर कोणाला पत्ताही लागला नाही. अठरा वर्षांनी पोलिसांच्या दप्तरात त्याची छायाचित्रे होती ती जुनी, फरारी होण्यापूर्वीची. तेव्हा फिलाडेल्फियाचे शिल्पकार फ्रँक बेंडर यांना सांगण्यात आले की साठी ओलांडलेला लिस्ट घडवा. बेंडर यांनी एका मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने विचार चालवला तो असा: हा मनुष्य सवयीचा गुलाम आहे, आहारात आणि पोशाखात फरक करणार नाही, गाल सैल पडले असतील, कपाळ वाढले असेल, आणि प्रतिष्ठेच्या हव्यासापोटी तो जाड, काळ्या काठांचा चष्मा वापरीत असेल. असा चष्मा जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणून त्यांनी मातीच्या मस्तकाला घातला. २१ मे १९८९ रोजी ते मस्तक 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड'मध्ये पडद्यावर आले. एका जुन्या शेजारणीने ते ओळखले, आणि १ जूनला व्हर्जिनियात दुसऱ्या नावाने, दुसऱ्या पत्नीसह राहणारा आणि तिथेही हिशेबच लिहिणारा लिस्ट कामावर असतानाच पकडला गेला. त्याच्या नाकावरचा चष्मा बेंडरच्या चष्म्याशी चकित व्हावे इतका मिळताजुळता होता.

'अनसॉल्व्ड मिस्टरीज'ची रीत याहून जरा सैल होती. तासाभरात चार-पाच प्रकरणे. त्यांत एक खून, एक फरारी, एक हरवलेला वारस, आणि एखादे भूत किंवा उडती तबकडीही! हा भुताखेतांचा मसाला मला कधीच पटला नाही, कारण ज्या सुरात खुन्याचे वर्णन सांगितले जाते त्याच सुरात पिशाच्चाची कैफियत घेतली, की प्रेक्षकाने कोणत्या गोष्टीला पुरावा म्हणावे याचे तारतम्य सुटते. निर्मात्यांनाही बहुधा हे जाणवत असावे, म्हणून आरंभीच पडद्यावर खुलासा येई की नाट्यरूपांतरात शक्य तेथे खुद्द नातलग आणि पोलीस अधिकारी सहभागी झाले आहेत आणि हा बातम्यांचा कार्यक्रम नव्हे. खरोखरच पुष्कळदा मृताची बहीण तीच बहीण असे, फौजदार तोच फौजदार असे, आणि स्वतःच्या दुःखाची वाट त्यांना कॅमेऱ्यासमोर पुन्हा चालून दाखवावी लागे. दर भागाअखेर फुकटचा दूरध्वनी क्रमांक झळकायचा. कॅलिफोर्नियातल्या केंद्रात कर्मचारी ओळीने बसून जबान्या टिपून घेत. पुढे एखाद्या प्रकरणाचा छडा लागला की त्याची पुरवणी सांगितली जाई, आणि प्रेक्षकांना ती सर्वांत प्रिय होती. अडीचशेहून अधिक प्रकरणे सुटल्याचा निर्मात्यांचा दावा आहे.

१९९७ नंतर वाहिन्या बदलत, क्षीण होत ही मालिका २००२ साली थांबली. २०२० साली ती जी नव्याने उभी राहिली ती त्याच दोघा मूळ निर्मात्यांच्या हातून, पण निराळ्या युगाच्या अटींवर. आता एका भागात एकच प्रकरण. नाट्यरूपांतर जवळजवळ गेले. त्याऐवजी आकाशातून टिपलेली शहरे, रिकामे रस्ते, आणि नातलगांच्या दीर्घ, विनाव्यत्यय मुलाखती. बाल्टिमोरच्या एका जुन्या हॉटेलच्या छताला पडलेल्या भोकावरून २००६ च्या एका मृत्यूचा मागोवा घेणारा पहिलाच भाग पाहिला, तरी कला म्हणून ही आवृत्ती सरस आहे, हे मान्य करावेच लागते. शोकाला तिने जी सवड दिली आहे, ती जुन्या मालिकेच्या दहा मिनिटांच्या तुकड्यात मिळणे शक्यच नव्हते.

पण इश्तिहाराचे बळ एकाच वेळेच्या दवंडीत असते. बुधवारी रात्री आठला कोट्यवधी डोळे एकाच छायाचित्रावर खिळत, त्यामुळे दूरध्वनी त्याच रात्री वाजत आणि फरारी माणसाला पळायला सकाळ मिळत नसे. आता कोणी तो भाग जुलैत पाहतो, कोणी डिसेंबरात. क्रमांकाच्या जागी संकेतस्थळ आले. आणि सूत्रधार नसल्यामुळे, आता हा माणूस ओळखा, असे प्रेक्षकाकडे रोखून सांगणारे कोणी उरले नाही. रिकामी जागा आहे, पण ती भरण्याचा हुकूम नाही. मग ती प्रेक्षकाच्या तर्ककुतर्कांनी भरते: भाग संपतो न संपतो तोच हजारो हौशी तपासनीस स्वतःची तहकीकात आरंभतात आणि कित्येकदा ज्यांच्यावर कोणताही आरोप नाही अशा मित्रांना, सावत्र आप्तांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. माइनहोफला भीती होती ती पोलिसांकडे जाणाऱ्या चुगलीची. इथे चुगलीला कचेरीचीही गरज राहिलेली नाही.

इतर पुनरुज्जीवनांची कथा थोडक्यात आटोपते. 'फॉरेन्सिक फाइल्स'चे निवेदक पीटर टॉमस २०१६ साली वारल्यावर २०२० मध्ये ती दुसऱ्या आवाजात परत आली. तिथे गुन्हे आधीच सुटलेले असल्याने, म्हणजे ती आख्यानाच्याच घराण्यातली असल्याने, फारसे काही बिघडले नाही. 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड' २०२१ साली परतला तेव्हा फरारींच्या वय वाढवलेल्या पूर्णाकृती प्रतिमा संगणकाने घडवून स्टुडिओत उभ्या केल्या गेल्या. २०२४ साली वॉल्श स्वतः आपल्या दुसऱ्या एका मुलासह पुन्हा खुर्चीवर आले. तिथे सूत्रधाराची जागा रिकामी ठेवण्याची चूक झाली नाही.

नेटफ्लिक्सच्या निर्मात्यांनाही काहीतरी उमगले असावे. २०२२ च्या शरदात तिसरा खंड एकदम न सोडता त्यांनी तीन आठवड्यांत हप्त्याहप्त्याने प्रसृत केला, आणि अखेरच्या हप्त्यात आईने किंवा बापाने पळवून नेलेल्या मुलांवरचा एक भाग होता. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, इलिनॉयमधून सहा वर्षांपूर्वी आईबरोबर नाहीशी झालेली एक मुलगी उत्तर कॅरोलायनातल्या बाजारपेठेत सापडली. तिथल्या एका दुकानातल्या माणसाने प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांवरून मायलेकींना ओळखून पोलिसांना वर्दी दिली होती. ती मुलगी त्या भागाच्या मुख्य कथेत नव्हतीच. पाऊण तासाचे आख्यान दुसऱ्या कुटुंबांचे होते. तिची छबी आली ती शेवटी, तशाच इतर मुलांच्या छायाचित्रांच्या ओळीत, नाव आणि चेहरा एवढ्यापुरती. साऱ्या पुनरुज्जीवनाचा खर्च माझ्या हिशेबी त्या चार-दोन क्षणांतच वसूल झाला.